नववीतलं मूल कुणाचं?

दहावीचा निकाल लागला की दोन-चार दिवसांत गावोगावच्या शाळांच्या फाटकांवर फ्लेक्स चढतात. 'शंभर टक्के निकालाची परंपरा कायम!' त्या फ्लेक्सचे फोटो मग व्हॉट्सअॅपवरून सातासमुद्रापार आमच्यापर्यंत शिकागोला येऊन पोहोचतात आणि खाली अभिनंदनाचा पाऊस पडतो.

आता मी पडलो इंजिनियर. टक्केवारी दिसली की पहिला प्रश्न डोक्यात येतो तो छेदाचा. शंभर टक्के, पण कशाचे? बोर्डाचं उत्तर सरळ आहे. परीक्षेला बसलेल्यांपैकी पास झाले त्यांचे. शाळेचा हिशेब तर फक्त शाळेतर्फे बसलेल्या मुलांपुरता. मग दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये नववीच्या वर्गात जी मुलं बसली होती, त्यातली किती या छेदात उरली? हा आकडा मी आजवर एकाही फ्लेक्सवर पाहिलेला नाही.

उरत नाहीत ती कुठे जातात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आठवीपर्यंत बहुतेक मुलं पुढे सरकत येतात आणि नववीत चाळणी लागते. कुणाला नववीतच बसवलं जातं, कुणाच्या वडिलांना 'दाखला काढून न्या, दुसरीकडे बघा' असं सुचवलं जातं, तर कुणाला 'फॉर्म नंबर १७ भरा, बाहेरून बसवा' असा प्रेमाचा सल्ला मिळतो. फॉर्म नंबर १७ ही सोय मुळात चांगली आहे. शाळा सुटलेल्या, संसारात किंवा कामधंद्यात अडकलेल्या माणसांसाठी ती आहे. पण चौदा वर्षांच्या पोराला वर्गातून बाहेर काढायचं मागचं दार म्हणून ती वापरली जाते, तेव्हा तिला सोय म्हणवत नाही. सगळ्याच शाळा असं करत नाहीत, हे मान्य. पण असं होतं हे आपल्यापैकी कुणी ऐकलेलं नाही?

शाळांना झोडपणं सोपं आहे. माझं भांडण पालकांशीही आहे. आपण छेद कधी विचारलाच नाही, कारण आपलं मूल अंशात असलं की आपल्याला पुरे असतं.

शिकागोचं उदाहरण देतो, कारण ते मला जवळून दिसतं. आणि अमेरिकेचं कौतुक सांगतोय असं लगेच समजू नका, कारण १९८७ साली याच शिकागोच्या शाळांना तेव्हाचे केंद्रीय शिक्षणमंत्री विल्यम बेनेट यांनी देशातल्या सर्वांत वाईट शाळा म्हटलं होतं. त्याच वर्षी शिक्षकांचा १९ दिवसांचा संप झाला आणि पालक रस्त्यावर उतरले. त्या रेट्यातून १९८८ साली इलिनॉय राज्याने कायदा केला आणि शिकागोच्या सरकारी शाळांत 'लोकल स्कूल कौन्सिल' आली. तिच्यात सहा पालक, परिसरातले दोन रहिवासी, दोन शिक्षक आणि मुख्याध्यापक. हायस्कुलात विद्यार्थ्यांचाही प्रतिनिधी. मुख्याध्यापक निवडायचा अधिकार या मंडळींना, त्याच्याशी चार वर्षांचा करारही त्यांनीच करायचा. शाळेच्या वार्षिक योजनेला आणि खर्चालाही त्यांची मंजुरी लागते. शिवाय या निवडणुकीत मत द्यायला आणि उभं राहायला नागरिकत्व लागत नाही. म्हणजे ज्या माणसाला या देशाच्या अध्यक्षासाठी मत देता येत नाही, तो पोराच्या शाळेचा मुख्याध्यापक कोण असावा यावर मत देऊ शकतो!

पण नुसत्या समित्या बसवून मुलं शिकत नाहीत. ते आपल्याला कुणी शिकवायला नको. शिकागोतही पुढची कित्येक वर्षं मुलं हायस्कुलातून गळतच होती. इथे हायस्कूल नववीला सुरू होतं आणि बारावीला संपतं. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी शोधायला घेतलं की नेमकी गळती सुरू कुठे होते. उत्तर आलं, नववीत.

त्यांनी एक साधी खूण ठरवली. नववी संपताना मुलाकडे निदान पाच विषयांचे पूर्ण वर्षाचे क्रेडिट असावेत, आणि इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र या मुख्य विषयांत एकापेक्षा जास्त सत्र-नापास नसावेत. एवढं जमलं तर मूल 'ऑन ट्रॅक', म्हणजे रुळावर. २००५ च्या त्यांच्या अहवालात दिसलं की रुळावर असलेली मुलं चार वर्षांत हायस्कूल पूर्ण करण्याची शक्यता रुळावरून घसरलेल्यांच्या साडेतीन पटींहून जास्त होती.

२००७ च्या अहवालातली गोष्ट तर प्रत्येक मराठी पालकाने फ्रिजवर चिकटवावी अशी आहे. परीक्षेत हुशार ठरून हायस्कुलात आलेली, पण सत्रात दोन आठवडे गैरहजर राहणारी मुलं, ही कच्ची ठरलेल्या पण एकच आठवडा गैरहजर राहणाऱ्या मुलांपेक्षा जास्त विषयांत नापास होत होती. म्हणजे नववीत बुद्धीपेक्षा हजेरी भारी पडली. आणि हजेरी ही एकट्या शाळेच्या हातातली गोष्ट नाही. मूल सकाळी घरातून निघतं की नाही हे घराला कळतं, वर्गात पोहोचतं की नाही हे शाळेला. दोघांनी एकमेकांना सांगितलं नाही तर मधल्या रस्त्यात पोर हरवतं.

मग शाळांना वर्ष चालू असतानाच मुलांच्या नावानिशी याद्या मिळू लागल्या. नववीला शिकवणारे शिक्षक एकत्र बसून त्या याद्या वाचू लागले. कुठे शाळेनंतर शिकवणी ठेवली, कुठे घरी फोन, कुठे घरी भेट. शाळेगणिक उपाय वेगळे. २००७ साली नववीतली ५७ टक्के मुलं रुळावर होती, २०१३ साली ८२ टक्के. 'शिक्षकांनी मार्क वाढवून दिले असतील' ही शंका तिथेही निघाली. पण ज्या शाळांत ही सुधारणा आधी झाली, तिथे तीन वर्षांनी हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाणही वाढलेलं दिसलं. आणि त्या प्रमाणाचा छेद कुठला? नववीत आलेली सगळी मुलं.

आता नेहमीचे आक्षेप. 'अहो, त्यांच्याकडे पैसा आहे.' शिकागोच्या सरकारी शाळांतली बहुसंख्य मुलं गरीब घरातली आहेत. 'त्यांच्या पालकांना वेळ असतो.' दोन-दोन पाळ्या करणाऱ्या आया इथेही आहेत. इथे पालकांनी स्वतः शाळेत येऊन प्रगतिपुस्तक न्यायचा दिवस असायचा. त्या रांगेत मी हॉटेलच्या गणवेशातल्या बाया पाहिल्या आहेत. मोडक्या इंग्रजीत त्यांचा पहिला प्रश्न असायचा, 'किती दिवस आला नाही?' आणि त्याच रांगेतले आमचे देशी बंधू शिक्षिकेशी हुज्जत घालत असायचे की 'ए' ऐवजी 'ए मायनस' का. शाळेच्या कौन्सिलला उभे राहा म्हटलं की याच मंडळींना नेमकी त्या दिवशी मीटिंग असते. म्हणजे हा आजार मायदेशापुरता नाही, आम्ही तो बॅगेत घालून इथेही आणला आहे.

शिकागो म्हणजे स्वर्ग नव्हे, हेही सांगून टाकतो. कौन्सिलच्या कितीतरी जागांना उमेदवार मिळत नाहीत. २०१३ साली पालक ओरडत असताना शहराने जवळपास पन्नास शाळा एका फटक्यात बंद केल्या. तरीही नववीतलं घसरणारं मूल ही घराची आणि शाळेची सामायिक काळजी आहे, एवढं या शहराने आकड्यांत मांडून दाखवलं, ते खोटं ठरत नाही.

आपल्याकडे काय आहे? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती आणली. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या स्त्रिया. कागदावर शिकागोपेक्षा कमी नाही. पण हा कायदाच आठवीपर्यंतचा! जिथे मूल घसरायला लागतं, बरोब्बर त्याच उंबरठ्यावर तो थांबतो. माध्यमिक शाळांसाठी सरकारी योजनांमधून समित्या आल्या, फी नियंत्रणाच्या २०११ च्या कायद्याने पालक-शिक्षक संघ आले. पण संघाच्या सभेत काय गाजतं? फी, बस, गणवेश. नववी ब मधली पाच मुलं दिवाळीनंतर दिसत नाहीत, हा विषय कोण काढतो?

काढणार तरी कसा? हजेरी ही आपल्या लेखी फालतू गोष्ट. नववीपासून पोराला क्लासला घातलं की शाळा उरते सहीशिक्क्यापुरती. अकरावी-बारावीला तर क्लास आणि कॉलेज यांचं साटंलोटं इतकं माजलं की २०१८ साली सरकारला विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. पोराने वर्गात बसावं म्हणून बोटाचा ठसा घेणारं यंत्र! त्या साट्यालोट्यात तिसरा भागीदार कोण होता? फी भरणारे आपणच ना?

'आम्ही तर रात्री दोनपर्यंत अभ्यास घेतो' म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. नॅन्सी हिल आणि डायना टायसन या अभ्यासकांनी २००९ साली सहावी ते आठवीच्या वयाच्या मुलांवरचे पन्नास अभ्यास एकत्र तपासले. पालकांनी गृहपाठात मदत केल्याने फायदा दिसला नाही. सर्वांत उपयोगी ठरलं ते मुलाशी बोलणं: शिकायचं कशासाठी, पुढे काय करायचं आहे, अभ्यासाची आखणी कशी करायची. म्हणजे पोराच्या मानेवर बसण्यात घालवलेली रात्र बरीचशी वाया. त्यातला एक तास शाळेला दिला असता तर?

'हे आपल्या संस्कृतीत नाही' असं मात्र कृपा करून म्हणू नका. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. ती वाढली लोकांनी दिलेल्या धान्यावर, जागेवर आणि श्रमांवर. लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांसाठी मंगळसूत्र विकलं. ती मुलं त्यांची स्वतःची नव्हती. शाळा गावाची असते हे ज्या महाराष्ट्राला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं, त्याच महाराष्ट्रात आज पालक गिऱ्हाईक झाला आणि शाळा दुकान झाली. गिऱ्हाईक स्वतःच्या मालाची तक्रार करतं, शेजारच्याला काय मिळालं ते बघत नाही.

तेव्हा एवढं करा. येत्या जूनमध्ये पालकसभेला जाल तेव्हा फीच्या आधी एक प्रश्न विचारा. दोन वर्षांपूर्वी नववीत किती मुलं होती, आणि त्यातली किती यंदा याच शाळेतून दहावीला बसली? उत्तर लेखी मागा. दुसरी मागणी, सलग तीन दिवस मूल आलं नाही तर शाळेने घरी फोन करावा, आणि घराने तो उचलून खरं कारण सांगावं. तिसरी गोष्ट तुमच्याच हातात आहे. क्लाससाठी पोराची शाळा बुडवणार नाही, असं ठरवा. मुख्याध्यापक कदाचित कपाळाला आठ्या घालतील. घालू द्या. चांगला मुख्याध्यापक असेल तर त्याला आनंदच होईल, कारण आजवर हे त्याला कुणी विचारलंच नसेल.

आणि पुढच्या वर्षी फ्लेक्स लावायचाच असेल तर त्यावर लिहा: नववीत ८४ आली होती, दहावीला ८४ बसली, ७९ पास झाली, पाचांसाठी जुलैपासून वर्ग सुरू. शंभर टक्के नसतील. पण तो फोटो मला पाठवा, मी इथे चार लोकांना अभिमानाने दाखवीन.