परवाना कोणाला दिला?

१९९३ साली इलिनॉय विद्यापीठाच्या महासंगणक केंद्रात मार्क अँड्रीसन हा विद्यार्थी आणि एरिक बिना यांनी ‘मोझेक’ ब्राउझर घडवला. मजकूर आणि चित्रे एकाच पानावर दाखवणाऱ्या या ब्राउझरने वेब सामान्य माणसाच्या हाती आणले. पुढच्याच वर्षी अँड्रीसन यांनी कॅलिफोर्नियात जिम क्लार्क यांच्यासह कंपनी काढली. जुने सहकारीही तिकडे गेले. प्रोग्राम नव्याने लिहिला, तरी विद्यापीठाने ‘मोझेक’ नावावर हक्क सांगितला. कंपनीने ‘नेटस्केप’ हे नाव घेतले, डिसेंबरात तडजोड झाली. ऑगस्ट १९९५मध्ये तिचा शेअर बाजारात आला आणि पहिल्याच दिवशी दुपटीवर बंद झाला.

स्टॅनफर्डचे उदाहरण याच्या उलट. लॅरी पेज यांच्या ‘पेजरँक’चे पेटंट विद्यापीठाकडेच राहिले, वापराचा परवाना मात्र त्याने गूगलला, म्हणजे आपल्याच विद्यार्थ्यांच्या कंपनीला दिला आणि मोबदल्यात शेअर घेतले. २००५ सालापर्यंत ते विकून सुमारे ३३.६ कोटी डॉलर आले.

इलिनॉयला व्यवहार कळला नाही, असे म्हणण्याचा प्रघात आहे. मला ते पटत नाही. परवाना त्यांनीही दिला होता, पण स्पायग्लास नावाच्या दुसऱ्याच कंपनीला. तिच्यामार्फत मोझेक मायक्रोसॉफ्टकडे पोहोचला आणि इंटरनेट एक्स्प्लोररचा पाया ठरला. ज्यांनी तो लिहिला, त्यांच्या वाट्याला विद्यापीठाची नोटीस आली.