मदतनीस म्हणजे दुय्यम?

जिंतूरला आमच्या बैठकीत एक ख्रिस्ती मैत्रीण म्हणाली, “बाई पुरुषाची मदतनीस, असं बायबलच सांगतं.” मी मूळ शब्द शोधला. हिब्रूत तो ‘एझेर’. स्तोत्रांमध्ये हाच शब्द संकटात धावून येणाऱ्या देवासाठी येतो. तिथे देवाला कुणी दुय्यम ठरवत नाही!

ग्रीक ‘दियाकोनोस’चंही तेच. १६११च्या इंग्रजी बायबलात याच शब्दाने प्रेषित पौल ‘धर्मसेवक’ होतो, मंडळीची कार्यकर्ती फिबी मात्र नुसती ‘नोकर’.

म्हणूनच पंडिता रमाबाईंचं (१८५८-१९२२) काम मोलाचं वाटतं. हिब्रू-ग्रीक शिकून त्यांनी केडगावला सबंध बायबल स्वतः मराठीत आणलं.

मैत्रिणींनो, धर्मग्रंथ कोणताही असो, ‘असं लिहिलंय’ म्हणणाऱ्याला विचारूया: मूळ शब्द कोणता, आणि अर्थ कुणी लावला?