कागदी हमी आणि अण्वस्त्रमुक्ती

जगातून अण्वस्त्रे नाहीशी व्हावीत, हा उपदेश ज्यांच्या कोठारात ती सर्वाधिक आहेत तेच इतरांना करीत आले आहेत. १९७० मध्ये अमलात आलेल्या अण्वस्त्रप्रसारबंदी कराराच्या सहाव्या कलमाने त्यांच्यावर निःशस्त्रीकरणाच्या प्रामाणिक वाटाघाटींचे दायित्व टाकले. इतरांनी अस्त्रे बनवू नयेत, यावर डोळ्यांत तेल घालून पहारा झाला. आपली टाकण्याची मुदत मात्र कधीच ठरली नाही. शीतयुद्धात सत्तर हजारांच्या घरात गेलेली संख्या आता बारा हजारांच्या आसपास आहे, हे खरे. पण त्यांतील सुमारे नव्वद टक्के रशिया व अमेरिका यांच्याकडेच आहेत, आणि त्यांना वेसण घालणाऱ्या २०१० च्या ‘न्यू स्टार्ट’ कराराची मुदतही फेब्रुवारी २०२६ मध्ये संपली.

युक्रेनचे उदाहरण ताजे आहे. सोव्हिएत संघ कोसळल्यावर त्याच्या भूमीवरील अस्त्रे त्याने रशियाच्या स्वाधीन केली. त्यांची कळ मॉस्कोच्या हाती होती, हे मान्य. तरीही १९९४ मध्ये बुडापेस्टला रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी त्याच्या सीमांचा आदर करण्याची लेखी ग्वाही दिली. २०१४ मध्ये क्रिमिया गेला. २०२२ मध्ये रणगाडे कीव्हच्या वेशीशी आले. हे पाहिल्यावर कोणते राष्ट्र निव्वळ कागदावर विसंबून शस्त्र खाली ठेवील?

भारताने हा धोका आधीच ओळखला होता. राजीव गांधींनी १९८८ मध्ये संयुक्त राष्ट्रांत २०१० पर्यंत अण्वस्त्रमुक्तीची कालबद्ध योजना मांडली. पक्षभेद विसरून तिचे श्रेय द्यायलाच हवे. महासत्तांनी ती दप्तरी दाखल केली. १९९६ मध्ये भारताने चाचणीबंदी करार नाकारला आणि १९९८ मध्ये अटलजींच्या सरकारने पोखरणला निर्णय घेतला. त्याच सरकारने २००३ मध्ये प्रथम वापर न करण्याचे धोरण जाहीर करताना अण्वस्त्रमुक्त जगाचे ध्येयही कायम ठेवले.

पोखरणच्या वार्तेने पेढे वाटणाऱ्या आपल्यापैकी काहींना या दुसऱ्या भागाचा विसर पडतो. ‘एकदाच बाँब टाकून शेजाऱ्याचा नकाशा पुसा’ अशी चव्हाट्यावरची भाषा राष्ट्रभक्तीची नव्हे. वाऱ्यासोबत येणारा किरणोत्सार सीमेवर पारपत्र दाखवीत नाही. हिरोशिमा-नागासाकीतील वाचलेल्यांच्या ‘निहोन हिदांक्यो’ या संघटनेला २०२४ चे शांततेचे नोबेल मिळाले. त्यांनी जन्मभर सांगितलेले आपल्या घरांतही ऐकले गेले पाहिजे.

प्रथम वापर न करण्याचे वचन चीनने १९६४ पासून उच्चारले आहे, भारतानेही दिले आहे. अमेरिका, रशिया, ब्रिटन, फ्रान्स आणि पाकिस्तान यांनी ते दिलेले नाही. सर्व अण्वस्त्रधारकांना बांधणारा असा करार आधी व्हावा, ही मागणी भारताने प्रत्येक व्यासपीठावर लावून धरावी. आपले कोठार रिकामे करण्याचा प्रश्न त्यानंतरचा.