भाव न लिहिलेल्या कागदावर जंगल विकू नका
तेंदू हंगामाआधी इलाक्यातल्या सर्व ग्रामसभांना जाहीर आवाहन

गावकऱ्यांनो,

तेंदूचा हंगाम तोंडावर आला आणि ठेकेदारांचे दलाल पुन्हा अंधार पडल्यावर गावात दिसू लागले. परवा आपल्याच इलाक्यातल्या एका गावात अध्यक्ष-सचिवांनी भाव न लिहिलेल्या करारनाम्यावर सह्या करून दिल्या. ना दवंडी, ना सभा. बायांना कळलं ते तेंदूची झुडपं छाटणारी, खुटकटाईची माणसं जंगलात उतरल्यावर! शेजारच्या गावात तर कराराची वाटही कुणी पाहिली नाही. पत्ता चांगला फुटतो म्हणून काडी लावली. मोहाची, चारोळीची रोपं गेली, बांबूच्या रांज्या होरपळल्या.

अध्यक्षांनो, जंगल तुमच्या नावावर नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क दिला तो ग्रामसभेला. २०१२ च्या सुधारित नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की वाहतूक परवाने आणि विक्रीचा पैसा यांबाबत ग्रामसभेच्या समितीने काहीही ठरवलं तरी त्याला ग्रामसभेची मंजुरी लागते. मग बंद खोलीतली सही कुणाची? तुमच्या एकट्याची. तिचा जाबही तुम्हीच द्यायचा.

हा हक्क कुणी ताटात वाढून दिलेला नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा हक्क २००९ मध्ये मिळाला, तरी बांबू नेण्याचा परवाना मिळेना. गाव अडून बसलं. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांना मेंढ्यात येऊन परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती द्यावं लागलं. आणि आज आपल्याकडे काही गावांत तेच पुस्तक, आगाऊ सह्यांसकट, ठेकेदाराच्या मुन्शीच्या पिशवीत फिरतंय. लाज वाटायला हवी.

'ठेकेदाराला दुखावलं तर पत्ता घेणार कोण?' असं विचारणारे दरवर्षी भेटतात. विडीला पान लागतं, ठेकेदाराला ते आपल्याच जंगलातून मिळतं. दुखावून जाईल कुठे? 'आग लावल्याशिवाय पत्ता येत नाही' हेही तसलंच. वेळेवर खुटकटाई केली की नवी पालवी फुटते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तर तेंदू तोडायचाच नाही असं ठरवलं. झाडं छाटायची नाहीत, जंगल जाळायचं नाही, फळं माणसांनी आणि पाखरांनी खायची. बांबूवर त्यांचं भागतं. आपण तेवढं मागत नाही. पण विकायचं तर उघड्यावर विका.

हिशेब बघा. ७० पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी, म्हणजे ७०,००० पानं. पहाटे जंगलात जाऊन ती तोडते बाई, पुडे बांधतं सगळं घर. पाचशे गोण्यांच्या गावात गोणीमागे हजार रुपये कमी लिहिले गेले तर पाच लाख रुपये बुडाले. एका सहीने!

म्हणून आता हे लगेच करा. दवंडी देऊन सभा बोलवा. निम्मे सभासद हजर असल्याशिवाय आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया असल्याशिवाय सुरूच करू नका. भाव, अनामत, पैसे देण्याची तारीख सगळ्यांसमोर वाचून दाखवा, मग ठराव, मग सही. पैसा ग्रामसभेच्या खात्यातच घ्या. रोख कुणाच्याही हातात नको. परवाना पुस्तक आजच परत मागवा. जाळरेषा आठवड्याभरात काढा, राखणीच्या पाळ्या लावा. मोह वेचायला झाडाखाली जाळी बांधा किंवा पाला झाडून घ्या, काडी लावू नका. आग लावणारा आपल्या भावकीतला निघाला तरी दंड घ्या. इथेच आपण नेहमी ढिले पडतो. आणि पोरांनो, मोबाइलवर आगीचे फोटो फिरवण्याआधी झावळ्या-फांद्या घेऊन विझवायला पळा.

भाव कसा मागायचा, करारनामा कसा वाचायचा, हे ज्या गावाला कळत नसेल त्यांनी इलाका सभेला निरोप द्यावा. आपली माणसं येतील, मुक्काम करतील, एक रुपया घेणार नाहीत. याआधीही आली आहेत, बुडवलेले पैसे दारात बसून वसूल करून गेली आहेत.

पुढच्या इलाका सभेला प्रत्येक गावाने ठरावाची नक्कल आणि करारनामा घेऊन यावं. ज्यांच्याकडे ठराव नसेल त्यांचा करार इलाका सभा मानणार नाही, आणि त्या गावच्या पुडे गोळा करण्याच्या फळीवर आसपासच्या एकाही गावातून पुडा जाणार नाही.