बांधावरचं झाड टेकडीवर

फेब्रुवारी लागला की पुण्याच्या वेताळ टेकडीवर, तळजाईवर आणि आमच्या पिंपरी-चिंचवडच्या कडेकडेनंही काही झाडं पानं झाडून टाकतात आणि फिकट गुलाबी फुलांनी लगडतात. त्यांच्याखाली उभं राहून फोटो काढायचा आणि खाली 'आपलं चेरी ब्लॉसम' असं लिहायचं, ही हौस आता बरीच फोफावली आहे. चेरीचा आणि या झाडाचा काडीचा संबंध नाही. हे ग्लिरिसिडिया. सरकारी पत्रकात गिरीपुष्प, जुन्या लोकांच्या तोंडी उंदीरमारी. मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. तिकडे कोकोच्या बागांना सावली हवी म्हणून ते लावत, सिलोनच्या चहामळ्यांतही त्याच कामासाठी आलं. शेंगवर्गीय असल्यानं मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र धरून ठेवतं. बघत बसण्याचं हे झाड नव्हे. हे कापायचं झाड आहे, आणि माझी सगळी तक्रार तिथूनच सुरू होते.

आपल्याकडे त्याच्या आधी मान होता सुबाभळीला. मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये उरुळीकांचनला बायफ ही संस्था उभी केली, आणि संकरित गाईंबरोबर त्यांना चारा हवा म्हणून सुबाभळीचा प्रसारही हिरिरीनं केला. झाड खरोखर गुणाचं. पाल्यात प्रथिनं भरपूर, वाढ झपाट्याची, लाकूड सरपणाला चांगलं. पण पाल्यात मिमोसिन असतं, त्यामुळे नुसत्या सुबाभळीवर जनावर ठेवता येत नाही. घोड्याला घातली तर आयाळ-शेपटीचे केस झडतात. त्यात 1984 च्या सुमारास हवाईत तिच्या कोवळ्या शेंड्यांवर एक बारीक रसशोषी किडा पडला. बेटाबेटांवरून पुढे सरकत तो 1988 मध्ये भारतात पोहोचला. शेंडे करपले, उत्साह ओसरला आणि ग्लिरिसिडियाचा भाव वधारला. सुबाभूळ मात्र गेली नाही. नदीकाठी, रेल्वेच्या कडेला, पडीक प्लॉटवर ती आपली आपण उगवते आहे, तिला आता कुणाच्या प्रसाराची गरज उरलेली नाही.

टेकड्यांवर ग्लिरिसिडिया का लावलं, हेही समजण्यासारखं आहे. टेकड्या उघड्याबोडक्या होत्या. मुरमात तगणारं, लवकर वाढणारं आणि मोकाट गुरं चटकन तोंड लावणार नाहीत असं झाड हवं होतं. लावणाऱ्यांना आज शिव्या घालणं सोपं आहे. पण लावल्यावर कापणार कोण, हा प्रश्न कुणी विचारला नाही. वनखात्याच्या जमिनीवर कोयता चालवायची मुभा नाही. मग झाडं दाटली, खालचं गवत गेलं, आणि गवताबरोबर त्यातले किडे आणि त्यांवर जगणारे पक्षीही. हिरवं दिसतं, एवढंच.

हेच झाड बांधावर बघा. चाकण-तळेगाव रस्त्यापासून आत, कंपन्यांच्या भिंतींना खेटून अजून काही शेतं शिल्लक आहेत. तिथल्या एका मावशींचं दीड एकर मी बघितलं आहे, बाकीचं एमआयडीसीत गेलं. मुलगा कंपनीत पाळ्या करतो, शेत मावशींच्या अंगावर. पावसाच्या तोंडावर त्यांनी मनगटाएवढे जाड दांडके आणून बांधावर रोवले. खालचं टोक तिरकं तासलेलं, साल कुठे सोललेली नाही. रोपवाटिका नाही, पिशवी नाही. फुटवे आले तशी कमरेएवढ्या उंचीवर छाटणी सुरू झाली. ताज्या पाल्याला उग्र वास येतो, शेळ्या नुसतं हुंगून तोंड फिरवतात. मावशी पाला संध्याकाळी कापतात, पडवीत पसरतात आणि सकाळी सुकलेला टाकतात. "सवय लागली की मग दुसरं काही मागत नाहीत," त्या म्हणाल्या. कोंबड्यांना मात्र त्या तो पाला घालत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. शेळ्या-गुरांना पचतो, एकपोटी जनावरांना बाधतो.

आणखी एक उपयोग कुठल्याच पुस्तिकेत छापलेला नाही. गुंठ्याला भाव आला तशी बांध कोरायची खोड वाढली आहे. दर नांगरटीला शेजारी वीतभर आत येतो. पण रांगेनं मुळं धरलेले दांडके उपटून फेकायला फारच कोडगेपणा लागतो. मावशींची ही रांग नत्रासाठी कमी आणि मोजणीसाठी जास्त आहे, असा मला दाट संशय आहे.

नत्राचाही हिशोब करून बघू, कारण हिरवळीच्या खताबद्दल बोलताना लोक फार हळवे होतात. सुकलेल्या पाल्यात नत्र असतो तीन-साडेतीन टक्के. ओल्या पाल्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच. म्हणजे एक टन हिरव्या पाल्यातून हाती येतो सात-आठ किलो नत्र. 45 किलोच्या युरियाच्या गोणीत जवळजवळ 21 किलो असतो, आणि ती गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते. एका गोणीची बरोबरी करायला तीनेक टन पाला कापायचा, वाहायचा आणि पसरायचा. घरातला कर्ता गडी रात्रपाळी करून झोपला असताना हे कुणी करावं? पाल्यानं जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो, पालाश मिळतो, ओल टिकते, युरियाच्या गोणीतून यातलं काही येत नाही, हे सगळं खरं. पण ते फायदे सावकाश दिसतात, आणि मजुरी रोजच्या रोज द्यावी लागते. त्यातून फुटव्यांवर मावा येतो आणि जवळ चवळी असली तर तिकडे उतरतो. बांधालगतच्या कांद्याच्या ओळी सावलीनं बारीक राहतात, तेही आलंच. म्हणून झाड बांधावरच हवं, जिथून पाला हातानं उचलून सरीत टाकता येतो. लांबून वाहून आणायचा म्हटलं की गणित बिघडतं.

तरीही मला वाटत होतं की टेकड्यांवरचा पाला कापायची परवानगी आसपासच्या शेळीवाल्यांना, शेतकऱ्यांना द्यावी. झाडं विरळ होतील, मध्ये आपली पळस-पांगारा लावता येतील, आणि पाला खेड-मावळच्या शेतात जाईल. पळस-पांगाराही शेंगवर्गीयच, शिवाय फुलांवर पक्षी येतात ते वेगळं. मोठ्या उत्साहानं ही योजना मी मावशींना सांगितली. त्यांनी विळा खाली ठेवून नीट ऐकून घेतलं.

"करा की," त्या म्हणाल्या. "पण टेम्पोचं भाडं कोण देणार, तेवढं आधी ठरवा. आणि आणलाच पाला, तर तो ओला नका आणू. पाण्याचं भाडं कशाला भरायचं?"