धूर, गल्ला आणि बैठक

धूम्रपानबंदीमुळें जुनीं चहाचीं हॉटेलें बुडालीं, अशी तक्रार आमच्या छत्रपति संभाजीनगरांत वृद्ध मंडळींच्या तोंडून वारंवार ऐकूं येते. ती कितपत खरी आहे, याचा येथें विचार करूं.

मुंबईचे पुढारी मुरली देवरा यांच्या अर्जावरून सर्वोच्च न्यायालयानें २००१ च्या नोव्हेंबरांत रुग्णालयें, शाळा, वाचनालयें, आगगाड्या इत्यादि ठिकाणीं धूम्रपानास मनाई केली. २००३ सालीं कायदा झाला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून नवे नियम अमलांत येऊन उपाहारगृहेंहि त्यांत आलीं. दंड २०० रुपयांपर्यंत. परंतु महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. नियमांनीं मालकास व व्यवस्थापकासहि जबाबदार धरिलें: त्यानें मनाईची पाटी लावावी, राखदाणी किंवा काडेपेटी पुरवूं नये. म्हणजे बंदीचें यश गल्ल्यावर कोण बसतो, यावर अवलंबून राहिलें.

आतां मुंबईपुण्याचीं इराणी हॉटेलें पाहा. इराणांतून आलेल्या कुटुंबांनीं तीं चालविलीं. कोपऱ्याची जागा, संगमरवरी टेबलें आणि गल्ल्यावर स्वतः मालक, हें त्यांचें रूप. तीं कमी होऊं लागलीं तीं २००८ च्या कितीतरी आधीं. मालकांचीं मुलें शिकून अन्य व्यवसायांत गेलीं आणि कोपऱ्याच्या जागेची किंमत चहाच्या कमाईस न पेलण्याइतकी वाढली. उलट १९०४ सालचें मुंबईचें कयानी बंदी आली तेव्हां शंभरी ओलांडून उभें होतें, आणि पुढेंहि चालत राहिलें.

विलायतेंतहि असाच क्रम दिसतो. तेथील पब नांवाच्या मद्यगृहांपैकीं पुष्कळशीं मोठ्या मद्योत्पादकांच्या मालकीचीं होतीं. १९८९ सालीं सरकारनें त्या मालकीस मर्यादा घातली. तेव्हां हजारों पब विकले गेले व व्यापारी कंपन्यांच्या हातीं पडले. इंग्लंडांत धूम्रपानबंदी आली ती १८ वर्षांनंतर, १ जुलै २००७ रोजीं. बंदीनें कांहीं गिऱ्हाईक तुटलें असेल. परंतु घराचा धनी त्यापूर्वींच बदलला होता.

गुलमंडीजवळील एका जुन्या दुकानाचें उदाहरण आमच्या पाहण्यांतलें आहे. पूर्वींचा मालक ‘काका, बाहेर’ एवढेंच म्हणे आणि बिडी विझे. काका रागावत नसत, कारण त्यांच्या घरचें सुखदुःख तो जाणून असे. आतां तेथें पगारी माणूस बसतो. पाटी मोठी झाली, ओळख मात्र उरली नाहीं. काका बिडीसाठीं नव्हे, बोलण्यासाठीं येत असत. ते आतां येत नाहींत.

धूर गेला हें उत्तमच झालें. त्यासाठीं अश्रु ढाळण्याचें कारण नाहीं. हरवली ती बैठक. सदनिकांना ओटा नाहीं आणि चहाच्या दुकानांत निवांतपणा नाहीं. मग वडील माणसांनीं जावें कोठें? आमच्या वाचक कुटुंबांस एवढीच विनंति, कीं आठवड्यांतून एक सायंकाळ आजोबांच्या स्नेह्यांसाठीं दिवाणखाना मोकळा ठेवावा. चहा भरपूर द्यावा. राखदाणी मात्र ठेवूं नये. कायदा उंबरठ्याशीं थांबतो. त्यापुढें घरच्यांनींच मालक व्हावयाचें असतें.