एक पौंड धान्याचा हिशेब

1877 च्या जानेवारीत मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी कामांवरून हजारो मजूर उठून गेले. सरकारने त्यांची मजुरी कापली होती. दुष्काळाची पाहणी करायला व्हाइसरॉयने पाठवलेले सर रिचर्ड टेंपल यांचे म्हणणे असे होते, की मोठ्या माणसाला जगायला दिवसाकाठी एक पौंड धान्य पुरते, वर मीठमिरचीपुरते पैसे दिले की झाले. एक पौंड म्हणजे जेमतेम साडेचारशे ग्रॅम. तेवढ्यावर माणसाने दिवसभर खडी फोडायची, माती वाहायची आणि रात्री छावणीत निजायचे. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या कपातीविरुद्ध सरकारकडे पत्रांमागून पत्रे धाडली. मद्रास इलाख्याचे सॅनिटरी कमिशनर डॉ. विल्यम कॉर्निश यांनीही टेंपल यांना उघड विरोध केला. कष्टाच्या शरीराला एवढे धान्य पुरत नाही, त्याच्या जोडीला डाळ आणि भाजी हवीच, हे त्यांनी छावण्यांतल्या माणसांच्या प्रकृतीकडे बोट दाखवून मांडले. त्या दोन वर्षांच्या दुष्काळात देशभरात पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली.

आता दुसरे माप पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दिवसाला सुमारे दोन हजार कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी त्यांत धान्य सांगितले आहे 250 ग्रॅम. दुष्काळी छावणीत जे धान्य अपुरे म्हणून लोक काम टाकून गेले, त्याच्या निम्म्याहून थोडेसेच जास्त. तरीही कॉर्निश यांचे म्हणणे बरोबर होते आणि पोषण संस्थेचेही बरोबर आहे. या 250 ग्रॅम धान्याबरोबर 85 ग्रॅम डाळी, 400 ग्रॅम भाज्या, 100 ग्रॅम फळे, 300 मिलिलीटर दूध, 35 ग्रॅम दाणे व तेलबिया आणि 27 ग्रॅम तेल-तूप अपेक्षित आहे. शिवाय हे ताट ज्याच्यासाठी मांडले आहे तो खडी फोडत नाही. तो खुर्चीत बसतो, लिफ्टने चढतो आणि कोपऱ्यावरच्या दुकानातही दुचाकीने जातो.

मिताहाराबद्दल आज आपल्याकडे जे बोलले जाते, त्यात नेमकी हीच गोष्ट सुटते. ‘चार घास कमी खा’ असे डॉक्टर, शेजारी, नातेवाईक सगळेच सांगतात. कोणी कमी खायचे, कशातले कमी खायचे आणि त्याच्या जागी ताटात काय यायला हवे, हे कोणी सांगत नाही. मग सुटलेले पोट हा ज्याचा त्याचा हावरटपणा ठरतो आणि माणूस शरमेने दोन दिवस उपाशी राहून तिसऱ्या दिवशी भरपाई करतो.

जुन्या वैद्यांना हे जास्त कळत होते, असे मला वाटते. चरकसंहितेत आहाराच्या मात्रेवर एक स्वतंत्र अध्याय आहे. मात्रा खाणाऱ्याच्या अग्नीवर ठरते, असे त्याचे सांगणे. पचायला जड पदार्थ पूर्ण तृप्ती होण्याआधीच थांबवावेत, हेही तिथेच आहे. वाग्भटाने पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नाला, एक पेयाला दिला आणि एक वायूसाठी मोकळा ठेवला. याच चरकाने अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांना एकाच अध्यायात शेजारी बसवले आहे. स्थूलतेची कारणे सांगताना त्याने अति खाण्याबरोबर गोड व स्निग्ध पदार्थ, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप, चिंता नसणे आणि बीजस्वभाव यांचीही नोंद केली. आईबापांकडून काही येते आणि केवळ जिभेला दोष देऊन भागत नाही, हे त्याने तेव्हाच ओळखले होते. गीतेच्या सहाव्या अध्यायानेही अति खाणारा आणि मुळीच न खाणारा, दोघांनाही योग साधत नाही असे सांगितले. ज्ञानेश्वरांनी त्यावर निरूपण करताना हा दुहेरी इशारा सोडलेला नाही.

मात्र हा उपदेश ऐकणाऱ्याच्या घरी बहुधा कणगी भरलेली असे. महाराष्ट्राच्या मोठ्या भागाला निसर्गानेच मिताहारी ठेवले होते. दुर्गादेवीच्या दुष्काळाची आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. 1896 आणि 1899 चे दुष्काळ पाठोपाठ आले. 1972 चा दुष्काळ तर आज साठी-सत्तरीत असलेल्यांनी अंगावर काढला आहे. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी, सरकारी सुकडी, तलावांच्या आणि रस्त्यांच्या कामांवर रांगेने बसून खडी फोडणारी बायामाणसे. रोजगार हमी योजना त्यातूनच उभी राहिली. त्याआधी 1965 मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी देशाला सोमवारचे रात्रीचे जेवण सोडायची हाक दिली आणि ज्यांना सोडण्याजोगे जेवण होते त्यांनी ते सोडलेही. हॉटेलांनी त्या संध्याकाळी चुली विझवल्या.

पंगतीतला आग्रह या टंचाईच्या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. एरवी वर्षभर कोरडी भाकरी आणि कोरड्यास खाणाऱ्या माणसाला लग्नकार्यात पोटभर गोडधोड मिळे. वाढपी बुंदीची परात घेऊन फिरे, यजमान मागे उभा राहून ‘एक तरी घ्याच’ म्हणे, पानावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून लाडू पडे. जिलब्यांच्या पैजा लागत आणि जिंकणाऱ्याचे नाव पंचक्रोशीत होई. तो आग्रह प्रेमाचा होता आणि शरीराच्याही हिताचा होता. वर्षातून चार दिवस जास्त खाल्लेले पुढच्या उन्हाळ्यात जिरून जाई. आता चार दिवसांचे दोनशे झाले. वाढदिवस, ऑफिसातले पेढे, रविवारचे हॉटेल, बुफेमधले सतरा पदार्थ. आग्रहाची रीत तशीच राहिली आणि तिचा भार पेलणारी टंचाई व मेहनत दोन्ही गेली.

भाकरीचे उदाहरण घ्या. ज्वारीचे पीठ उकळत्या पाण्यात मळायचे, परातीत थापायचे, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची आणि शेवटी विस्तवावर फुगवायची. तेलाचा थेंब नाही. भाकरी एकेक करूनच होते आणि थापणारीचा हात दुखतो, म्हणून जेवणाऱ्यालाही दुसरी भाकरी येईपर्यंत थांबावे लागते. त्या थांबण्यात पोट भरल्याची जाणीव व्हायला अवकाश मिळे. ही मेहनत घरातल्या बाईच्या माथी होती, तेव्हा तिचे गोडवे गाऊ नयेत. पण त्या भाकरीच्या जागी रेशनचा गहू-तांदूळ, तेल लावलेल्या चपात्यांची चळत आणि पिशवीतले स्वस्त तेल आल्यावर जेवणाचा वेग आणि ताटाचा तोल दोन्ही बदलले. 1950 मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढच्या दशकांत उसाने पश्चिम महाराष्ट्राचा चेहरा पालटला. त्याने शेतकऱ्याला उभे केले, यात वाद नाही. पण त्याच काळात साखर चैनीच्या यादीतून रोजच्या चहात आली.

आणि हे सारे ज्या शरीरात आले, ते शरीर भुकेत घडलेले होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांची मुले यांचा अभ्यास चालवला आहे. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी पावणेतीन किलोच्या आतले होते, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचे साडेतीन किलो. आपली बाळे हाडामांसाने कितीतरी लहान होती, पण त्वचेखालची चरबी मात्र जवळपास इंग्रज बाळांइतकीच. दिसायला किरकोळ आणि आतून मेदाळ. याच याज्ञिकांचे आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचे छायाचित्र 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स 22.3, पण शरीरातली चरबी युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के. काट्यावर दोघे सारखे. म्हणूनच भारतीयांसाठी 25 ऐवजी 23 वरच वजन जास्त धरावे आणि कंबर पुरुषांत 90 व बायकांत 80 सेंटिमीटरच्या पुढे जाऊ देऊ नये, असे डॉक्टर सांगतात. ‘मी तर बारीक आहे’ एवढ्या आधारावर साखर तपासायचे टाळणाऱ्या मराठी माणसाने हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत, इतके ते महत्त्वाचे आहेत.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहींचा अंदाज 10 कोटींवर गेला. ज्यांची साखर उंबरठ्यावर आहे ते आणखी साडेतेरा कोटी. याच अभ्यासगटाने आहाराचा हिशेब मांडला तेव्हा आपल्या रोजच्या ऊर्जेतला सुमारे 62 टक्के वाटा पिष्ट आणि साखरेचा निघाला, प्रथिनांचा जेमतेम 12 टक्के. म्हणजे आपले ताट अजून दुष्काळी कामावरच्या मजुराच्या ताटाच्या घडणीचे आहे. त्याचे कष्ट मात्र आपल्या वाट्याला उरलेले नाहीत.

यावर तोडगा म्हणून महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत दोन टोके लोकप्रिय झाली. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीच्या आधारे डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच जेवा म्हणतात. ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने खा, घरचे खा म्हणतात. घराघरांत त्यावर वाद झाले, कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटांवर तट पडले. किती वेळा, यावर एवढी ऊर्जा खर्च झाली की ताटात काय, हा प्रश्न मागे पडला. उपवासाचेही तेच झाले आहे. भगर आणि ताक घेऊन पोटाला विश्रांती द्यायचा दिवस साबुदाण्याच्या खिचडीचा, बटाट्याच्या किसाचा आणि तळणाचा झाला. साबुदाणा येतो तो दक्षिण अमेरिकेतून आलेल्या कसाव्याच्या कंदापासून, आणि तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. एकादशी दुप्पट खाशी, हे आपल्या आजीने कधीच म्हणून ठेवले आहे.

सर्वांत अवघड प्रश्न बायकांचा आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या सुमारे पाचांतली एक बाई वजनाने कमी आहे आणि चारांतली जवळपास एक वजनाने जास्त. या दोघी अनेकदा एकाच गल्लीत राहतात, कधी एकाच घरात सासू आणि सून म्हणून. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेले खाणारी, भाजी संपली म्हणून भातावर आमटीचे पाणी ओढून घेणारी सून हिला मिताहाराचे व्याख्यान देणे हा अन्याय आहे. पुण्याजवळच्या त्याच गावांत दिसून आले, की ज्या गरोदर बायकांच्या खाण्यात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा होते, त्यांची बाळे आकाराने मोठी होती. पुढे हेही आढळले, की आईच्या रक्तात बी-12 कमी आणि फोलेट जास्त असेल तर सहाव्या वर्षी मुलात चरबी आणि इन्सुलिनला विरोध अधिक दिसतो. नातवंडांच्या पिढीचा मधुमेह रोखायचा तर आजच्या मुलीचे ताट भरावे लागेल, इतका हा सरळ संबंध आहे.

म्हणून आमचे मागणे सरकारकडेही आहे आणि घराकडेही. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबांना माणशी दरमहा पाच किलो धान्याचा हक्क दिला, ही मोठी गोष्ट झाली. भूक हटवण्यासाठी ती लागतच होती. त्या कायद्यात भरड धान्याचीही तरतूद आहे. मग सोलापूर-मराठवाड्याच्या रेशन दुकानात ज्वारी वर्षभर का मिळू नये, आणि तिच्या शेजारी नेमाने तूरडाळ का असू नये? घरात धान्य, साखर आणि तेल यांचे माप कमी करायचे ते ज्यांचे काम बसून आहे त्यांनी आधी. आणि त्याच दिवशी डाळीची वाटी, भाजी, ताक यांची भर सगळ्यांच्या ताटात, शेवटी जेवणारीच्या ताटात सर्वांत आधी. पुण्याजवळच्या गावांत 1993 नंतर जन्मलेल्या त्या मुलामुलींना 2012 पासून, किशोरवयातच, बी-12 आणि इतर सूक्ष्म पोषके देण्याचा प्रयोग याज्ञिकांच्या गटाने केला. त्यांतल्या मुली आता स्वतः आया झाल्या आहेत आणि त्यांच्या बाळांचीही मोजमापे घेतली गेली आहेत. तीन पिढ्यांचा असा हिशेब मांडणारे काम महाराष्ट्रात झाले असताना, आपल्या जिल्हा परिषदांच्या आरोग्य विभागांनी गरोदर बाईच्या वजनाइतक्याच काटेकोरपणे तिच्या रोजच्या ताटाचीही नोंद ठेवायला सुरुवात करावी.